नवेगावबांधच्या वेशीवर घर कोणाचे?

माणसाने कुठे राहावे हा प्रश्न वरवर पाहता खासगी वाटतो. हवा चांगली आहे, पाणी आहे, रस्ता झाला आहे, शाळा-दवाखाना जवळ आहे, खिशाला परवडते. मग घ्या जागा आणि बांधा घर! परंतु या देशात हा प्रश्न कधीच खासगी नव्हता. ज्या समाजव्यवस्थेने माणसाचा धंदा ठरविला, त्याचे पाणी ठरविले, त्याची सावली कुठे पडावी हे ठरविले, तिने त्याचे घर गावाच्या कोणत्या दिशेला असावे हेही ठरवून टाकले होते. म्हणूनच कुणी आम्हाला विचारतो, "वकीलसाहेब, जागा कुठे घ्यावी?" तेव्हा त्याला फक्त भाव सांगून भागत नाही. त्याला इतिहास सांगावा लागतो आणि कायदाही सांगावा लागतो.

सध्या हा प्रश्न गोंदिया जिल्ह्यात नव्या रूपाने उभा राहिला आहे. १ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्याचे विभाजन होऊन गोंदिया जिल्हा झाला. धान, तलाव, जंगल आणि बिडी ही या भागाची जुनी ओळख. आता तिच्यात वाघाची भर पडली आहे. नागझिरा १९७० मध्ये अभयारण्य झाले, नवेगाव १९७५ मध्ये राष्ट्रीय उद्यान झाले आणि डिसेंबर २०१३ मध्ये दोन्ही जंगले व भोवतालची अभयारण्ये जोडून नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प जाहीर झाला. मे २०२३ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातून दोन वाघिणी आणून येथे सोडण्यात आल्या, एप्रिल २०२४ मध्ये तिसरी आणली गेली. वाघ दिसू लागला की पर्यटक येतो, पर्यटक आला की हॉटेल येते आणि हॉटेलच्या आधी जमिनीचा दलाल येतो. ताडोब्याच्या भोवती जे घडले, तेच आता नवेगावबांध, चोरखमारा आणि मंगेझरीच्या वाटेवर घडू पाहत आहे.

आज या पट्ट्यात तीन प्रकारची माणसे जागेचा विचार करताना दिसतात. पहिला नागपूर-रायपूरकडचा पैसेवाला. त्याला शनिवार-रविवारसाठी फार्म हाऊस हवे आहे किंवा रिसॉर्ट काढायचे आहे. दुसरा आमचा निवृत्त समाजबांधव. तीस-पस्तीस वर्षे शिक्षक, रेल्वे कर्मचारी किंवा लिपिक म्हणून नोकरी करून त्याच्या हाती भविष्य निर्वाह निधीची रक्कम आली आहे. उरलेले आयुष्य आपल्या मुलखात, तलावाच्या काठी, स्वच्छ हवेत काढावे असे त्याला वाटते. आणि तिसरा तो, जो पिढ्यान्‌पिढ्या येथेच राहत आला आहे. गोंड, हलबी, ढिवर, बौद्ध. त्याला कुणी 'कुठे राहायला आवडेल' असे विचारत नाही. त्याला विचारले जाते, 'किती घेशील आणि कधी उठशील?' जमीन एकच आहे. पहिल्यासाठी ती मौज आहे, दुसऱ्यासाठी विसावा आहे आणि तिसऱ्यासाठी जगणे आहे. या तिघांच्या निवडीला समान मानणे म्हणजे ढळढळीत विषमतेवर पांघरूण घालणे होय.

नवेगावबांधचा तलाव पाहायला लोक येतात, पक्षी पाहतात, फोटो काढतात. मारुती चितमपल्ली यांच्या लेखनामुळे हा परिसर शहरी मराठी वाचकाच्या घरात पोहोचला, ही गोष्ट आम्ही आदराने मान्य करतो. परंतु हे पाणी निसर्गाने आयते आणून ठेवलेले नाही. अठराव्या शतकात कोलू पाटील कोहळी यांनी हा तलाव बांधल्याचे सांगितले जाते. कोहळी समाजाचे तलाव बांधण्याचे कसब सर्वश्रुत आहे. पण पाळ एकट्या पाटलाने घातली नाही. ती माती कुणाच्या डोक्यावरून गेली? तलावांच्या या मुलखात बंधारा घालणारे, बांधी तयार करणारे, रोवणी करणारे हात कष्टकरी जातींचे होते. पर्यटनाच्या माहितीपत्रकात पक्ष्यांची यादी असते, या हातांची नसते. ज्यांनी हा मुलूख राहण्याजोगा केला त्यांनाच येथे राहण्याचा हक्क सिद्ध करावा लागावा, यापेक्षा मोठी विटंबना कोणती?

आणि हा हक्क कागदावर का नाही, तेही समजून घेतले पाहिजे. विदर्भाचा हा भाग जुन्या मध्य प्रांतातला. येथे मालगुजारी होती. गाव मालगुजाराचे, तलाव मालगुजाराचा, जंगलातला निस्तार त्याच्या मर्जीचा आणि आबादीत कुणाला कुठे झोपडी टाकू द्यायची हेही तोच ठरवी. १९५० चा कायदा होऊन ३१ मार्च १९५१ पासून मालगुजारी संपली आणि मालकी सरकारकडे गेली. ज्याच्याजवळ वजन होते त्याने तेव्हाच आपले नाव चढवून घेतले. गावाच्या टोकाच्या टोलीत राहणाऱ्या आमच्या आजोबाला मात्र कुणी पट्टा दिला नाही आणि त्याला तो मागण्याची अक्कल येऊ नये याची व्यवस्था आधीच झालेली होती. आज तीच टोली रस्त्याला लागली म्हणून भाव खाऊ लागली आहे आणि तिथल्या माणसाला 'अतिक्रमणधारक' म्हटले जात आहे. तीन पिढ्या एका जागी राहणारा अतिक्रमणधारक आणि काल आलेला खरेदीदार मालक! याला कायद्याचे राज्य म्हणायचे की कागदाचे?

जंगलातल्या गावांचे तर विचारूच नका. राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाने १९ जून २०२४ रोजी राज्यांना पत्र पाठवून व्याघ्र प्रकल्पांच्या गाभा क्षेत्रातील गावे हलविण्याचे वेळापत्रक मागितले. देशभरातील ५९१ गावे आणि ६४,८०१ कुटुंबे असा तो हिशेब होता. आमच्या जिल्ह्याने हा अनुभव आधीच घेतला आहे. नवेगावच्या जंगलातील कवलेवाडा, कालीमाटी, झंकारगोंदी या गावांचे सडक अर्जुनी तालुक्यात श्रीरामपूर येथे पुनर्वसन झाले आणि त्यानंतरही आश्वासनांच्या पूर्ततेसाठी तेथील लोकांना आंदोलनाचा मार्ग धरावा लागला. पुनर्वसनाची रक्कम कुटुंबामागे पूर्वी दहा लाख होती, २०२१ पासून ती पंधरा लाख झाली. पंधरा लाख ऐकायला मोठे वाटतात. पण त्यात घराची जागा, शेत, मोहफूल, तेंदूपाने, मासोळी, सरपण आणि शेजार हे सगळे विकत घेऊन पाहा! वाघिणीला नव्या जागी सोडतात तेव्हा तिच्या गळ्यात रेडिओ कॉलर बांधतात. ती कुठे रमते, कुठे बावरते, किती चालते याची नोंद ठेवली जाते. हलविलेल्या माणसाची अशी नोंद कोण ठेवतो?

येथे गैरसमज नको. आम्ही वाघाच्या विरोधात नाही. तथागताचा धम्म मानणारा माणूस प्राणिमात्राचा वैरी असू शकत नाही. आमचा प्रश्न एवढाच आहे की कायदा पाळला जातो की नाही. वन्यजीव संरक्षण कायद्याचे कलम ३८-व्ही आणि २००६ चा वनहक्क कायदा मिळून स्पष्ट सांगतात की आधी हक्कांची निश्चिती झाली पाहिजे, पुनर्वसन स्वेच्छेने झाले पाहिजे, पर्यायी जागेत उपजीविकेची आणि मूलभूत सोयींची तजवीज पाहिजे आणि ग्रामसभेची माहितीपूर्ण संमती पाहिजे. या अटी कुणाची मेहेरबानी नाहीत, तो संसदेने केलेला कायदा आहे.

याच कायद्यात आमच्या समाजासाठी एक अडचण दडलेली आहे, तिच्याकडे चळवळीचे पुरेसे लक्ष गेलेले नाही. अनुसूचित जमातीच्या माणसाला १३ डिसेंबर २००५ पूर्वीचा ताबा दाखवावा लागतो. परंतु बौद्ध, ढिवर, गोवारी यांसारखे लोक 'इतर पारंपरिक वननिवासी' या वर्गात पडतात आणि त्यांना त्या तारखेपूर्वी तीन पिढ्या म्हणजे पंचाहत्तर वर्षे आपला समाज तेथे राहत असल्याचे दाखवावे लागते. थोडक्यात, १९३० च्या आधीपासूनचा पुरावा. ज्या माणसाला १९३० मध्ये शाळेच्या पायरीवर बसू दिले जात नव्हते, त्याच्याकडून १९३० चा कागद मागायचा! कागद मिळत नाही म्हणून आमचे लोक दावाच टाकत नाहीत. पण याच कायद्याच्या नियमांत गावातील वृद्धांचे लेखी निवेदन, जुनी विहीर, स्मशान, घराचे जोते असे पुरावे ग्राह्य धरले आहेत आणि कुठल्याही एकाच कागदाचा हट्ट धरता येत नाही. कोतवाल बुकातली जन्ममृत्यूची नोंद आजोबाच्या नावाने सापडू शकते. म्हणून आधी गावातील ऐंशी वर्षांच्या म्हाताऱ्या-म्हाताऱ्यांची निवेदने लिहून घ्या. हा पुरावा दरवर्षी आपल्यातून निघून जात आहे.

आता दुसऱ्या माणसाकडे, आमच्या निवृत्त बांधवाकडे वळू. त्याला कुणी म्हणेल, खेड्याच्या भानगडीत कशाला पडता, शहरात राहा. बाबासाहेबांनी खेड्यांना अज्ञानाचे आणि संकुचितपणाचे डबके म्हटले होते, हे तो ऐकून असतो. पण शहरात काय चित्र आहे? भाड्याचे घर पाहायला गेल्यावर मालक आधी 'पूर्ण नाव काय' विचारतो. आडनावावरून उलगडा झाला नाही तर 'मूळ गाव कोणते' विचारतो. तेवढ्यानेही भागले नाही तर 'तुम्ही शाकाहारी ना?' असे विचारतो. मग दुसऱ्या दिवशी निरोप येतो की खोली कालच गेली. जातीचा उच्चार एकदाही होत नाही आणि जात आपले काम करून जाते. गावात दिशा ठरलेली होती, शहरात कॉलनी ठरलेली आहे. आमच्या लोकांच्या वेगळ्या वसाहती उभ्या राहिल्या त्या केवळ आवडीने नव्हे, हे विसरता कामा नये.

कायदा याबाबत मुका नाही. राज्यघटनेच्या अनुच्छेद १९ ने प्रत्येक नागरिकाला भारतात कुठेही राहण्याचे आणि स्थायिक होण्याचे स्वातंत्र्य दिले. अनुच्छेद १७ ने अस्पृश्यता कोणत्याही स्वरूपात पाळण्यास बंदी केली आणि ही बंदी सरकारपुरती नसून खासगी माणसालाही लागू आहे. १९५५ च्या नागरी हक्क संरक्षण कायद्याच्या कलम ४ मध्ये कोणत्याही वस्तीत राहण्याचे घर बांधण्यास, घेण्यास किंवा त्यात राहण्यास अस्पृश्यतेच्या कारणावरून आडकाठी करणे हा गुन्हा ठरविला आहे. अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाला घर किंवा गाव सोडायला भाग पाडणे हा १९८९ च्या अॅट्रॉसिटी कायद्याखालील गुन्हा आहे. आमच्या लोकांना यातला शेवटचा कायदा ठाऊक असतो, कलम ४ मात्र किती जणांना ठाऊक आहे? दुसरीकडे, २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अहमदाबादच्या झोरोस्ट्रियन सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या खटल्यात सदस्यत्व फक्त पारशी समाजापुरते ठेवणारा उपविधी वैध ठरविला. अल्पसंख्याक समाजाने आपली वसाहत जपणे एक वेळ समजून घेता येईल. पण तीच वाट वापरून वरचढ जातींनी आपापल्या कुंपणाआड सोसायट्या केल्या तर 'कुठेही राहण्याचे स्वातंत्र्य' कुणासाठी उरेल?

पारशी समाजाचा उल्लेख आला म्हणून आठवण देतो. १९१७ साली बाबासाहेब परदेशातून शिकून बडोदा संस्थानच्या नोकरीत रुजू झाले तेव्हा त्यांना त्या शहरात राहायला जागा मिळाली नाही. पारशी धर्मशाळेत ते राहिले आणि जात कळताच लाठ्या घेऊन आलेल्या जमावाने त्यांना तेथून बाहेर काढले. शेवटी नोकरी सोडून त्यांना मुंबईला परतावे लागले. पदवी होती, पगार होता, संस्थानिकाचा पाठिंबा होता, तरीही डोक्यावर छप्पर मिळाले नाही. म्हणजे पैसा आला की जागेचा प्रश्न सुटतो, हा समज त्या एका घटनेने कायमचा खोटा ठरविला आहे. त्यापुढच्या तीस वर्षांत बाबासाहेबांनी या प्रश्नाला सामुदायिक उत्तर शोधले. जुलै १९४२ मध्ये नागपूरच्या अखिल भारतीय परिषदेत दलितांच्या स्वतंत्र वसाहतींची मागणी करणारा ठराव झाला आणि १९४७ च्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' या निवेदनात त्यांनी पडीक सरकारी जमिनीवर अशा वसाहती करण्यासाठी वसाहत आयोगाची योजना मांडली. ते नुसते 'खेडे सोडा' म्हणत नव्हते. ते म्हणत होते की खेड्यातील परावलंबन सोडा आणि स्वतःच्या जमिनीवर, एकत्र, निर्भयपणे राहा. या दोन वाक्यांतला फरक आम्ही अजून नीट पचविलेला नाही.

हा फरक न समजल्याची किंमत काय असते, हे आमच्या शेजारच्या जिल्ह्याने पाहिले आहे. २९ सप्टेंबर २००६ रोजी भंडारा जिल्ह्यातील मोहाडी तालुक्यात खैरलांजी येथे भोतमांगे कुटुंबातील चार जणांची हत्या झाली. त्या गावात बौद्धांची घरे बोटावर मोजण्याइतकी होती. कुटुंबाजवळ शेती होती, मुले शिकत होती, पण त्यांना धड पक्के घर बांधू दिले गेले नाही. भांडणाच्या मुळाशी जमीन आणि वाट हेच प्रश्न होते. भैयालाल भोतमांगे २०१७ मध्ये न्यायाची वाट पाहतच गेले. खैरलांजीपासून आम्ही एक धडा घेतलाच पाहिजे. शेताची वाट, पाण्याचा स्रोत आणि हाकेच्या अंतरावरचा शेजार या तीन गोष्टी पाहिल्याशिवाय एकट्या कुटुंबाने कुठेही घर करू नये. तलावाचे दृश्य कितीही सुंदर असले तरी रात्री हाक मारल्यावर ओ देणारा कोणी आहे का, हे आधी पाहावे.

याच परिसरात दुसरेही एक उदाहरण आहे आणि ते आशादायक आहे. नवेगावबांधपासून फार दूर नाही, अर्जुनी मोरगाव तालुक्यातील गोठणगावजवळ तिबेटी बांधवांची नोरग्येलिंग ही वसाहत १९७० च्या दशकाच्या सुरुवातीपासून आहे. देश गमावून आलेली ही माणसे. भाषा वेगळी, हवामान परके, उन्हाळा असह्य. तरीही ती टिकली. कारण त्यांना सुटे सुटे विखरून टाकले गेले नाही. त्यांना एका जागी जमीन मिळाली आणि त्यावर त्यांनी घरे, शेती, शाळा आणि बुद्धविहार उभे केले. त्यांच्याविषयी आमच्या मनात असूया नाही, ते आमचे धम्मबांधव आहेत. परंतु सरकारने मनात आणले तर एका निर्वासित समाजाला सन्मानाने वसविता येते, हे जर आमच्याच तालुक्यात सिद्ध झाले असेल, तर १९४२ च्या ठरावातली मागणी अव्यवहार्य होती असे कोणत्या तोंडाने म्हणणार?

मग करावे काय? आमचे मत स्पष्ट आहे. पर्यटनस्थळाजवळ घर करायचे असेल तर पाहुणा म्हणून नव्हे आणि रिसॉर्टचा चाकर म्हणूनही नव्हे, तर गावचा कागदधारी रहिवासी आणि ग्रामसभेचा मतदार म्हणून करावे. पर्यटनाचा पैसा येतो तेव्हा ज्याचे नाव नोंदवहीत असते तो टिकतो, ज्याचे नाव फक्त लोकांच्या तोंडात असते तो उठतो. जागेची निवड करताना सौंदर्य शेवटी पाहावे, आधी नोंद पाहावी.

यासाठी काही व्यवहाराच्या गोष्टी सांगणे आम्ही कर्तव्य समजतो. इसार देण्यापूर्वी सातबारा आणि त्यावरचे जुने फेरफार काढा. जमीन आदिवासीची असेल तर महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ३६-अ प्रमाणे परवानगीशिवाय बिगर-आदिवासीला ती घेता येत नाही. दलाल म्हणतो, 'करारनामा करून ठेवू, पुढे पाहू.' असा करार करणे बेकायदेशीर तर आहेच, पण त्याहून वाईट म्हणजे आपल्यासारख्याच एका वंचिताची जमीन हिरावणे आहे. आंबेडकरी माणसाने ते पाप करू नये. सातबाऱ्यावर 'भोगवटादार वर्ग २' लिहिले असेल तर ती जमीन शासनाने दिलेली असून सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय ती विकता येत नाही. शेतजमिनीचे नुसते आखलेले प्लॉट म्हणजे अकृषक जागा नव्हे, अकृषक परवानगी डोळ्यांनी पाहा. जागा गाभा क्षेत्रात आहे, बफरमध्ये आहे की पर्यावरण-संवेदनशील क्षेत्रात आहे, हे वनविभागाकडून लेखी घ्या. नवेगाव आणि नागझिरा यांच्यामधून राष्ट्रीय महामार्ग जातो आणि वाघाची ये-जा त्याच पट्ट्यातून होते. तेव्हा कोहमाऱ्याच्या आसपास स्वस्तात मिळणारी जागा स्वस्त का आहे, याचाही शोध घ्या.

जे गावात आहेतच, त्यांच्यासाठी याहून तातडीचे काम आहे. २०२० पासून स्वामित्व योजनेत गावठाणाची ड्रोनद्वारे मोजणी होऊन मिळकत पत्रिका दिली जात आहे. मोजणीच्या वेळी आपली टोली गावठाणाच्या हद्दीत दाखविली की बाहेर, हे पाहायला आपला एक माणूस तेथे उभा हवा. नकाशा एकदा पक्का झाला की पुढची भांडणे न्यायालयात वर्षानुवर्षे चालतात, हे आम्ही रोज पाहतो. रमाई आवास योजनेत घरकुल मंजूर होते, पण पायाखालची जागा नावावर नाही म्हणून ते परत जाते. शासकीय जागेवरील घरांच्या नियमानुकूलनासाठी अर्ज करा, पोच घ्या आणि मिळकतीवर घरच्या बाईचे नाव अवश्य लावा. दारूच्या उधारीत किंवा दलालाच्या आमिषात घर जाते तेव्हा सही पुरुषाची असते आणि उघड्यावर बाई येते.

तिसरी गोष्ट ग्रामसभेची. रिसॉर्टला पाणी कोणत्या बोडीतून जाणार, त्याचे कुंपण स्मशानाची किंवा गुरांची वाट अडविणार का, जंगल सफारीच्या गाड्या आणि मार्गदर्शकांच्या कामात स्थानिकांना किती जागा, तलावातल्या मासेमारीवर ढिवरांच्या संस्थेचा हक्क राहणार का, हे प्रश्न ग्रामसभेत विचारले गेले नाहीत तर ते पुढे कुठेच विचारले जात नाहीत. आमच्या टोलीतली पोरे रिसॉर्टच्या फाटकावर सलाम ठोकण्याच्या नोकरीत समाधान मानणार की स्वतःच्या घरात दोन खोल्या काढून पर्यटकाला भाकरी-भाजी आणि मासोळी खाऊ घालणार? घरगुती निवासाचा व्यवसाय हा मालकीचा धंदा आहे. येथेही जात आड येईल, पाहुणा भिंतीवरची बाबासाहेबांची तसबीर पाहून मागे फिरेल, अशी भीती काही तरुण बोलून दाखवितात. आम्ही त्यांना सांगतो की तसबीर उतरवू नका. जो मागे फिरतो तो आपला पाहुणा नव्हे. ती तसबीर पाहूनच थांबणारे लोक या महाराष्ट्रात लाखोंनी आहेत. दीक्षाभूमीला येणारा बांधव एक दिवस नवेगावलाही येऊ शकतो, त्याला उतरायला आपले घर असले पाहिजे.

यावर आमचेच काही मित्र आक्षेप घेतील की बाबासाहेबांनी शहराकडे जा म्हटले आणि तुम्ही माणसांना जंगलाच्या कडेला थांबायला सांगता. आमचे उत्तर असे की शिक्षणासाठी, नोकरीसाठी जरूर जा, गेलेच पाहिजे. पण जाताना गावातली जागा फुकून जाऊ नका. कर्मवीर दादासाहेब गायकवाडांनी १९५९ आणि १९६४ चे भूमिहीनांचे सत्याग्रह शहरात प्लॉट मिळावा म्हणून केले नव्हते. आपल्या माणसाच्या पायाखाली स्वतःची जमीन असावी म्हणून हजारोंनी तुरुंग भरले. त्या लढ्यातून आणि पुढच्या शासन निर्णयांतून मिळालेला पट्टा आज जर एखाद्या मोटारसायकलच्या किमतीत दलालाला दिला जात असेल, तर तुरुंगात गेलेल्या त्या पिढीला आम्ही काय तोंड दाखविणार? आणि जे बांधव शहरात स्थिरावले आहेत त्यांनी गावातल्या भावाला जमीन विकून हिस्सा मागण्याऐवजी त्या जमिनीचा कागद सरळ करून द्यावा. समाजाचे ऋण फेडण्याचा यापेक्षा सोपा मार्ग नाही.

१९५४ मध्ये बाबासाहेबांनी याच भंडारा मतदारसंघातून लोकसभेची पोटनिवडणूक लढविली, तेव्हा आजचा गोंदिया जिल्हा त्या भंडारा जिल्ह्याचाच भाग होता. त्या निवडणुकीत त्यांचा पराभव झाला, हा या मातीवरचा डाग आहे. तो भाषणांनी पुसला जाणार नाही. तो पुसायचा असेल तर या जिल्ह्यातल्या प्रत्येक बौद्ध टोलीचा नकाशा, प्रत्येक घराची मिळकत पत्रिका आणि प्रत्येक वनहक्क दावा आपल्या कार्यकर्त्यांच्या हाती असला पाहिजे. येत्या वर्षावासात विहारात धम्मग्रंथाचे वाचन होईलच, त्यासोबत आठवड्यातला एक दिवस सातबारा आणि गावठाणाच्या नकाशाच्या वाचनाला द्यावा. तालुक्यातल्या आपल्या वकिलांनी आणि निवृत्त तलाठी-ग्रामसेवकांनी त्या दिवशी विहारात बसावे, आम्हीही बसू. नवेगावबांधच्या वेशीवर उद्या कुणाचे घर असेल, याचा निकाल वाघ लावणार नाही आणि पर्यटकही लावणार नाही. तो आपल्या जवळच्या कागदाने आणि आपल्या एकजुटीने लागेल.

जय भीम!